नानांची नक्कल

आजारपणावर लिहिलेलं वाचायला घेतलंत, म्हणजे तुमची तयारी झालेली असणार. आता दवाखान्याची खिडकी येईल. खिडकीबाहेर झाड येईल. झाडाला एकच पान असेल, ते पडता पडता राहील, आणि लेखक म्हणेल, त्या पानानं मला जगायला शिकवलं.

आमच्या वॉर्डाच्या खिडकीतून डाळमिलची मागची भिंत दिसायची. तिच्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. त्यांनी मला काही शिकवलं नाही.

आणखी एक. तुम्हाला कळलं असेल की लिहिणारा मिमिक्री करतो, म्हणजे हा हसत हसत आजाराला कसा लोळवला ते सांगणार. तर माझा आजार सध्या आवरलाय, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे त्या आशेवर वाचत बसू नका. तरी ही गोष्ट चांगली संपत नाही. ज्यांना चांगलं संपणारं पाहिजे त्यांनी इथूनच उठावं. मी वाईट वाटून घेणार नाही. माझा आयटम चालू असताना लोक पंगतीला उठून जातात, सवय आहे.

मी शिंदखेड्याचा. जळगावात ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात कामाला, आणि लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमांत मिमिक्री. पुढारी, हेडमास्तर, रुसलेली आत्या, चालू न होणारा ट्रॅक्टर, सगळं काढतो. पण सगळ्यात जास्त मागणी नानांना. नाना म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. अर्धा धुळे जिल्हा त्यांच्या गाडीत बसलेला. मी नुसता गळा खाकरून आमच्या अहिराणीत "चला, पुढे सरका, पुढे बठ्ठी जागा शे!" म्हटलं की मांडव पडायचा बाकी राहतो. नाना स्वतः मांडवात असले तर खाली बघून हसायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "आवाज ठीक व्हता. पण मी इतला ओरडत नही." हे ओरडूनच सांगायचे.

खाली

आमच्याकडे पुरुषाच्या त्या भागाला 'खाली' म्हणतात. खाली दुखतंय. खाली सूज आली. शब्द माहीत नाहीत असं नाही. पानटपरीवर त्या शब्दांशिवाय आमचं एक वाक्य पुरं होत नाही. शिवी द्यायला चालतात, डॉक्टरला सांगायला चालत नाहीत.

शिरपूरला एक हळद करून आलो होतो. अंगावर लोकांनी हळद फेकलेली, ती घासून काढताना उजव्या बाजूला हाताला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, कडक. दुखत नव्हती. दुखत असती तर कदाचित गेलो असतो. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते मला पाठ झालं.

रूमवर माझा पार्टनर विकी. त्याच्यासमोर मी टॉवेलवर फिरतो, त्याची चड्डी चुकून घालतो, पण हे त्याला सांगणं शक्य नव्हतं. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत टपरीवर माझं नाव बदललं असतं. घरी तर विषयच नाही. आई माझ्यासाठी स्थळं बघत होती. दोंडाईच्याच्या एका मुलीचा फोटो आला होता, आणि मला ती आवडली होती.

मग मी जे केलं ते फक्त माझ्यासारखा नकलाकारच करू शकतो. एका दवाखान्यात फोन लावला, आणि नानांच्या आवाजात बोललो.

माझा हिशोब साधा होता. पंचविशीतल्या पोरानं असं विचारलं तर समोरचा मनात काय काय आणेल. म्हाताऱ्यानं विचारलं तर कोणाला काय पडलंय? म्हाताऱ्यांना सगळंच होतं.

"हॅलो, मी शिंदखेड्याहून बोलतो. खाली एक गाठ आली आहे हो."

कंपाउंडर भला माणूस होता. "वय काय आबा?"

"रिटायर शे मी."

"लघवीला त्रास आहे का? थेंब थेंब होते? रात्री उठावं लागतं?"

आता, एकदा पात्रात शिरलं की मला थांबता येत नाही. आपले नाना काय काय करतात ते डोळ्यासमोर आणलं आणि भरून सांगितलं. हो ना, रात्री सारखा उठतो. उभा राहतो तर लवकर येत नाही. नळ सोडावा लागतो. कंबर पण धरते. मजा येत होती मला. फोनच्या त्या बाजूला माणूस पूर्ण फसला होता.

"वयामुळे होतं आबा, घाबरू नका," तो म्हणाला. "गाठ म्हणजे पाणी भरलं असेल, या वयात भरतं. पण ते लघवीचं दाखवून घ्या. एकदा येऊन जा."

"येतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

फार हलकं वाटलं. वयामुळे होतं! पाणी भरलं असेल! म्हाताऱ्याच्या आवाजात प्रश्न विचारला, म्हाताऱ्याचं उत्तर घेतलं आणि पंचवीस वर्षांच्या अंगाला लावून मोकळा झालो. लग्नसराई संपली, कापूस लावून झाला, गणपती आले. तोवर हरभऱ्याचं लिंबू झालं होतं आणि मी सैल पँट घालायला लागलो होतो.

वन्स मोर

गणपतीत एका मंडळासमोर नानांचा आयटम करत होतो. वाकून तिकीट फाडायची ॲक्शन असते. वाकलो आणि कंबरेतून पोटात अशी कळ गेली की सरळ होता येईना. तोंडातून आवाज निघाला तो माझा नव्हता, नानांचाही नव्हता. मी तसाच गुडघ्यावर बसलो. लोकांना वाटलं आयटम आहे. टाळ्या पडल्या. मागून कोणी ओरडलं, "वन्स मोर!"

विकीनं उचलून रिक्षात घातलं. रिक्षात त्याला सांगितलं. त्यानं नाव ठेवलं नाही. तो रडायला लागला. रिक्षावाला मागे वळून वळून आम्हाला बघत होता.

दवाखान्यात लेडी डॉक्टर निघाल्या. मी हेडमास्तरांच्या आवाजात काहीतरी विनोद केला. भीती वाटली की माझं असं होतं, दुसरा कोणीतरी बोलायला लागतो. मॅडमनी हातमोजे घातले आणि म्हणाल्या, "कुठे त्रास आहे?"

"खाली."

"खाली म्हणजे? तळमजल्यावर?" मग थोडं थांबून, "स्वतःच्या आवाजात बोल. आणि शब्द वापर. मी रोज ऐकते."

सोनोग्राफीवाला आधी गप्पा मारत होता, कोणत्या गावचा, काय करतो. मशीन फिरवता फिरवता तो गप्प झाला. मी स्टेजवरचा माणूस आहे. समोरचा हसायचा कोणत्या क्षणाला थांबला ते मला पाठमोरं असलो तरी कळतं.

मॅडमनी खुर्चीवर बसवून सांगितलं. अंडाचा कॅन्सर आहे, पोटातल्या गाठींपर्यंत गेलाय, ऑपरेशन करून एक काढावं लागेल, मग केमो. बरा होणारा आहे, हेही सांगितलं, पण ते मी ऐकलं नाही. मी विचारलं, "पाणी भरलेलं असू शकतं ना मॅडम?" त्यांनी मान हलवली. टेबलावर पेनस्टँड होता, त्यात एक पेन बिनटोपणाचा होता. त्या दिवसातलं मला तेवढंच नीट आठवतं.

हर्निया

शिंदखेड्यात जाहीर झालं की मला हर्निया आहे. हे आईचं काम. हर्निया चालतो. हर्नियावाल्या पोराचं लग्न होतं.

तरी दोंडाईच्याचा फोटो परत गेला. कोणी बोललं नाही, त्यांनी फक्त फोन उचलणं बंद केलं. मला त्यांचा राग नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं, नक्कल न करता.

ऑपरेशनच्या आधी मॅडम म्हणाल्या, पुढे मूल हवं असेल तर आत्ताच बी साठवून ठेवावं लागेल, नाशिकला सोय आहे. मी आणि नाना नाशिकला गेलो. तिथल्या माणसानं माझ्या हातात छोटी डबी दिली आणि एका खोलीकडे बोट दाखवलं. बाहेरच्या बाकावर नाना. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. बाहेर आलो तर नाना भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. गेल्या वर्षीचं होतं.

"व्हयनं?" त्यांनी कॅलेंडरला विचारलं.

"झालं."

"चहा लेस का?"

आम्ही चहा घेतला. एकमेकांकडे न बघता. येताना गाडीत ते झोपल्याचं नाटक करत होते. ते मला कळत होतं, कारण त्यांची झोप मी कितीदा स्टेजवर केलीय.

भुवया

केमोबद्दल लोक केसांचं सांगतात. केसांचं मला काही नव्हतं, टकल्याचे चार आयटम वाढले असते. भुवया गेल्या तेव्हा मी संपलो. तुम्हाला माहीत नसेल, नक्कल आवाजात अर्धीच असते, बाकीची भुवयांत असते. आरशात बघून पुढारी काढायला गेलो, तर पुसलेल्या पाटीसारखं तोंड दिसलं. कोणाचंही नाही. माझंही नाही.

तोंडात फोड आले. आई पातेलंभर पातळ खिचडी करून शिंदखेड्याहून यायची, तिचा वास आला की मी भिंतीकडे तोंड करायचो. ती पातेलं पदराखाली झाकून बसायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, "हर्निया आहे." कॅन्सरच्या वॉर्डात बसून! शेजारच्या पलंगावरची बाई एकदा म्हणाली, "अक्का, इथे आमच्या सगळ्यांनाच हर्निया आहे." आई पहिल्यांदा तेव्हा हसली.

आशा वगैरे नव्हती. मॅडम म्हणायच्या, रिपोर्ट चांगले येत आहेत, आणि मला त्या दुसऱ्या कोणाबद्दल बोलताहेत असं वाटायचं. सलाईनचा थेंब पडायचा, पुढचा पडायचा. नळ्या विकणारा माणूस मी, आता मलाच ठिबक लावलेलं. हा विनोद मी सगळ्या नर्सना सांगितला. एकीला दोनदा.

नाना पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून असायचे. मधूनमधून उठून वॉर्डाच्या टोकाच्या संडासात जायचे.

परत कर

एक दिवस बरं वाटत होतं. नाना तिकडे गेले होते, आणि नर्स म्हणाली, "कलाकार, खूप दिवसांत काही केलं नाहीस." मी सलाईनचा स्टँड धरून उठलो. भुवया नव्हत्या, म्हणून नुसत्या अंगानं नाना केले.

स्टुलावरून उठताना एक हात कंबरेवर, दुसरा मांडीवर, "हं" करून. मग चाल, पाय जरा फाकवून. संडासाचं दार. आत नळ सोडायचा, सुर्रर्र. मग उभं राहायचं. उभंच राहायचं. वर छताकडे बघायचं, देवाला हात जोडायचे, परत नळ मोठा करायचा. मग चार थेंब. झटकायचं. बाहेर पडायचं, दोन पावलं टाकायची, थांबायचं, आणि वळून परत आत.

वॉर्ड हसला. शेजारची बाई पोट धरून हसली. खूप दिवसांनी तो आवाज कानावर आला आणि मला अंगात ताकद आल्यासारखं वाटलं.

मॅडम राउंडला आल्या होत्या. दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नव्हत्या.

"परत कर," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आवडलं. परत केलं.

"कंबर खरंच अशी धरतात? की तू वाढवून करतोस?"

"खरंच धरतात."

"किती दिवसांपासून?"

मी नाना करता करता मध्येच थांबलो, एक हात कंबरेवर तसाच. वॉर्डात कोणी हसत नव्हतं. संडासातून नळाचा आवाज येत होता.

नानांना तपासून घ्या म्हटलं तर पहिला शब्द, "काब्र?" नाना कधी 'का' म्हणत नाहीत, 'काब्र' म्हणतात. काब्र तपासू? माले काय व्हयनं शे? एसटीत आयुष्यभर धरून ठेवायची सवय, त्यानं असं होतं. सगळ्या कंडक्टर लोकांचं असंच. आता आयुष्याच्या शेवटी बाईमाणसासमोर पँट काढू का?

मी एकच खोटं बोललो. म्हटलं, नाना, माझ्या औषधासाठी वडलांचं रक्त तपासावं लागतं.

त्यांनी लगेच शर्टाची बाही वर केली. "कितलं पाहिजे? बठ्ठं लई ल्या."

तीन

त्यांच्या रक्तातला एक आकडा फार वाढलेला निघाला, तो बघून मॅडमनी माझ्याशी बोलायला दुसरी खोली शोधली. प्रोस्टेटचा कॅन्सर. पुढच्या तपासण्यांत कळलं, हाडांत गेलेला. कंबर एसटीच्या सीटनं धरत नव्हती.

माझ्यासारखं 'बरा होणारा' हा शब्द त्या वापरत नव्हत्या. 'आटोक्यात ठेवू' म्हणत होत्या. एक इलाज इंजेक्शनचा, ठरावीक दिवसांनी घेत राहायचं. नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशन म्हणजे नानांची दोन्ही काढायची, म्हणजे त्या कॅन्सरला मिळणारं खाद्य बंद होतं.

हे मी त्यांना सांगायचं होतं. स्वतःच्या आवाजात. शब्द वापरून. मी सांगितलं. नानांनी डाळमिलच्या भिंतीकडे तोंड वळवलं.

"तुनं एक गयं," म्हणाले. "मना दोन. घरमा तीन कमी."

आईनं हातातला टॉवेल त्यांना फेकून मारला. मग तोच टॉवेल तोंडाला लावून ती बाहेर गेली.

ऑपरेशनला ते नाही म्हणाले ते नाहीच म्हणाले. इंजेक्शनं घेतली. काही दिवस बरी चालली, मग चालेनाशी झाली. आता ते शिंदखेड्याला ओसरीवरच्या पलंगावर असतात. कूस बदलायला दोन माणसं लागतात. गोळ्या दिल्या की झोपतात. आता खरंच झोपतात, नाटक करत नाहीत, आणि ते बघवत नाही.

माझ्या भुवया परत आल्या. तपासणी चांगली येते. मी बाहेर पडलो त्या दारातून नाना आत गेले. याच्यावर मला काही सुचत नाही, विनोदही नाही आणि शहाणपणाचंही नाही.

मॅडम म्हणाल्या होत्या, लिहून काढ, तुझ्यासारखी पोरं दवाखान्याचं दार ढकलून आत येत नाहीत. म्हणून लिहिलं. पोरांनो, आंघोळ करताना हात लावून बघा. काही वेगळं लागलं तर जा, आणि आपल्याच आवाजात बोला. आणि बाप नळ सोडून उभा राहत असेल तर हसून झाल्यावर त्याला घेऊन जा. एवढंच सांगायचं होतं.

वाचून दाखवलं

इथपर्यंतचं लिहून झालं आणि मी ते ओसरीवर नानांना वाचून दाखवलं. त्यांचं आहे तर त्यांना माहीत पाहिजे. ते डोळे मिटून ऐकत होते. नळाचं आलं तिथे ओठ हलले.

"मी नळ पुरा सोडत नही," डोळे न उघडता म्हणाले. "अर्धाच सोडस. पानी वाया जास. ते नीट लिख."

"लिहितो."

"आनि आते मना आयटम तू करत नही म्हणे. विकी सांगे. काब्र? मी मरी गया का?"

मी कागदांची घडी घालायला लागलो. मग त्यांनी डोळे उघडले.

"ते फोननं परत वाच."

मी फोनचं परत वाचलं. हळू वाचलं.

"मनाच आवाज?"

"हो नाना."

"नळनं, कंबरनं, रातले उठानं, बठ्ठं मनंच सांगं तू त्याले?"

"हो."

"तो काय म्हणना?"

"एकदा येऊन दाखवून जा म्हणाला."

नानांनी उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही, नुसती मान वर आली. आईनं धरायला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. आणि मग गाडीत फुकट्या सापडल्यावर ते ज्या आवाजात बोलायचे, जो मला कधीच नीट जमला नाही, त्या आवाजात त्यांनी मला झापलं. ऐकून गल्लीतली माणसं थांबली.

"लाज वाटस का तुले? तुले बठ्ठं माहीत व्हतं! मना चालनं, मना बसानं, मना मुतानं, बठ्ठं! गावले दखाडं, मांडवमा दखाडं, त्या कंपाउंडरले सांगं. एक मालेच नही सांगं! मना आवाज 'येतो' म्हणना ना त्याले? म्हणना ना? मंग माले काब्र नही लई गया?"